पिटातलं तिकीट

व्हिएन्नाच्या स्टेट ऑपेरात मी पहिल्यांदा गेले ती चार युरोंच्या तिकिटावर, उभ्याने. भाचा तिथे नोकरीला आहे, त्याने सगळं आधीच ठरवून ठेवलं होतं. दुपारपासून बाजूच्या दाराशी रांग लावायची, खेळाच्या ऐंशी मिनिटं आधी खिडकी उघडली की तिकीट घ्यायचं आणि तडक आत जायचं. आत पोचल्याबरोबर तो म्हणाला, “मावशी, तुझा स्टोल दे.” मी दिला. त्याने तो समोरच्या कठड्याला दोन वेढे देऊन गाठ मारली. “झालं. ही जागा आता तुझी. चल, कॉफी पिऊन येऊ.”

एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा मीही धरली आहे, पण जागा धरून खाली चहाला जायची हिंमत कधी झाली नव्हती. इथे मात्र कठडाभर स्कार्फ बांधलेले होते. लोकरीचे, रेशमी, एक तर साधा सुती रुमाल. त्यांच्यामागे माणूस एकही नाही. आम्ही अर्ध्या तासाने परतलो तेव्हा माझा कोल्हापुरात घेतलेला हिरवा स्टोल जागच्या जागी होता. शेजारी एक म्हातारे गृहस्थ आपल्या स्कार्फची गाठ सोडत होते. त्यांनी मान लववली. मीही लववली.

ती जागा कुठे होती हे मला पडदा वर गेल्यावर नीट कळलं. तळमजल्यावरच्या खुर्च्या जिथे संपतात तिथे, मधल्या मोठ्या बॉक्सच्या बरोबर खाली. रंगमंच नाकासमोर. आमच्या पुढच्या खुर्च्यांना दोनशे युरोंच्या वर मोजलेली माणसं बसलेली आणि त्यांच्या पाठीशी चार युरोंचे आम्ही. सोळाशे-सतराशे बसणाऱ्यांच्या त्या थिएटरात पाचशेच्या वर माणसं रोज उभी राहत. दर वाढवला असता तरीही रांग लागली असती, हे दाराशी उभं राहून कुणालाही दिसत होतं. मी तीस वर्षं कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलं. मागणी एवढी आणि भाव एवढासा, हे चित्र फळ्यावर काढायची वेळ आली की मी मुलांना विचारत असे, “इथे दुकानदार काय करेल?” मुलं एका सुरात सांगत, “भाव वाढवेल.” इथल्या दुकानदाराने वाढवला नव्हता. आणि तो दुकानदार, भाच्याने मध्यंतरात सांगितलं तसं, शिकलेला अर्थशास्त्रज्ञ होता.

डोमिनिक मेयर. २०१० पासून २०२० पर्यंत व्हिएन्ना स्टेट ऑपेराचे संचालक. त्या रात्रीपासून हा माणूस माझ्या डोक्यात बसला तो बसलाच.

तो का बसला हे सांगायचं तर अण्णांपाशी यावं लागेल. माझे वडील सांगलीतल्या एका नाटक कंपनीचे व्यवस्थापक होते. कंपनी संगीत नाटकं करायची, दौऱ्यावर असायची. अण्णांच्या हाती दोन गोष्टी कायम असत: लाल कापडी पाठीची वही आणि दोन टोकांची पेन्सिल, एक टोक निळं, एक लाल. बुकिंग उघडलं की थिएटरचा प्लॅन समोर पसरायचा. विकलेल्या खुर्चीवर निळी फुली, पासाच्या खुर्चीवर लाल. रात्री खेळ संपल्यावर नाईट, म्हणजे कलाकारांचे त्या खेळाचे पैसे, वाटून झाली, भाड्याचा आणि गाडीचा हिशेब झाला, की ते तो प्लॅन पुन्हा उघडून बघत बसत. त्यांचं लक्ष पहिल्या रांगांवर नसे. ते पिट बघत. पिट म्हणजे सगळ्यांत कमी दराची जागा. तिथे हमाल, शाळामास्तर, तालमीतली पोरं, पदं तोंडपाठ असलेल्या म्हाताऱ्या. पहिल्या रांगा पाहुण्यांनी भरतात, नाटक पिटावर चालतं, असं त्यांचं ठाम मत होतं. मालकांनी एकदा पिटाचा दर वाढवायचं काढलं, तेव्हा अण्णा दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत.

मेयर यांचा जन्म १९५५ चा, फ्रान्सच्या अल्सास प्रांतातल्या थान या गावचा. शिक्षण अर्थशास्त्राचं. पहिली नोकरी उद्योग मंत्रालयात. तिथून ते जाक लांग या संस्कृतिमंत्र्यांचे सल्लागार झाले. लांग हे फ्रान्समधलं गाजलेलं नाव. १९८१ मध्ये त्यांनी पुस्तकांची किंमत देशभर एकच राहील असा कायदा आणला, मोठ्या दुकानांच्या सवलतींपुढे गल्लीतला पुस्तकवाला मरू नये म्हणून. बाजाराला मोकळं सोडलं तर काही गोष्टी संपतात, आणि त्या वाचवायच्या तर नुसती कळकळ पुरत नाही, यंत्रणा उभी करावी लागते, हा विचार तिथे रोजच्या कामाचा भाग होता. तरुण मेयर त्या वातावरणात वाढले. गायक किंवा दिग्दर्शक यांच्या वाटेने ऑपेरात येणारे पुष्कळ असतात. हे आले फायलींच्या वाटेने.

१९८९ मध्ये ते पॅरिस ऑपेराचे महासंचालक झाले, आणि वर्ष तर असं की विचारू नका. फ्रेंच राज्यक्रांतीच्या द्विशताब्दीला, १३ जुलैला, बास्तीयच्या चौकात सत्तावीसशे खुर्च्यांचं नवं ऑपेरा हाऊस उद्घाटित झालं. पण उद्घाटन झालं तरी खरा पहिला ऑपेरा रंगमंचावर यायला मार्च १९९० उजाडला. नियोजित संगीत संचालक डॅनिएल बॅरेनबॉइम यांना त्याआधीच दूर केलेलं. नवी वास्तू, नवी यंत्रं, जुनी कामगार संघटना, अध्यक्ष एका बाजूला, सरकार दुसऱ्या बाजूला. अशा घरात दोन वर्षं काढली की माणूस एक तर हे क्षेत्र सोडतो नाही तर आयुष्यभराचा होतो. मेयर १९९१ मध्ये तिथून निघाले, काही काळ पंतप्रधानांच्या कार्यालयात सल्लागार होते आणि १९९४ मध्ये गेले कुठे, तर स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या छोट्या ऑपेरात.

पॅरिसनंतर लोझान म्हणजे कुणी पायउतार म्हणेल. मला तसं वाटत नाही. मोठ्या घरात एका माणसाला हिशेबाचा एक कोपराच दिसतो. छोट्या घरात सगळा संसार दिसतो, सुतार, शिंपी, तिकीट खिडकी, गायकाच्या घशाला आलेली सूज. अण्णा म्हणायचे, मोठ्या कंपनीत कारकुनी शिकशील, छोट्या कंपनीत नाटक शिकशील.

इथे जरा थांबून एक जुनी गोष्ट सांगते, कारण तिच्यावाचून मेयर समजणार नाहीत. १९६६ मध्ये विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या दोन अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी रंगभूमी आणि संगीत यांच्या अर्थकारणावर ग्रंथ लिहिला. त्यांचं म्हणणं अगदी साधं आहे. बीथोवेनने चार वादकांसाठी लिहिलेली रचना वाजवायला दोनशे वर्षांपूर्वी जितकी माणसं आणि जितका वेळ लागायचा, तितकाच आज लागतो. कारखान्यात तसं नाही. बँकेत तसं नाही. आमच्या सांगलीच्या बँकेत दहा कारकून करत ते काम आज एक संगणक करतो. तिथली उत्पादकता वाढते म्हणून पगार वाढतात. मग व्हायोलिनवाल्याचा पगारही वाढवावा लागतो, नाहीतर तो व्हायोलिन ठेवून बँकेत जाईल. त्याचं काम मात्र तेवढंच राहतं. म्हणजे कुणाचीही चूक नसताना, कुणीही उधळपट्टी केलेली नसताना, मैफल दर वर्षी महाग होत जाते. याला बॉमोलचा खर्चाचा आजार म्हणतात.

त्या रात्री आमच्यापुढे ‘टोस्का’ चालला होता. पुच्चिनीचा हा ऑपेरा पहिल्यांदा झाला १४ जानेवारी १९०० ला, रोममध्ये. रंगमंचापुढच्या खड्ड्यात तेव्हा जेवढे वादक लागले, जवळपास तेवढेच त्या रात्री बसलेले. दुसऱ्या अंकाच्या शेवटी टोस्का छळवादी स्कार्पियाला सुरीने मारते आणि मग पळून जात नाही. टेबलावरच्या दोन मेणबत्त्या उचलते, प्रेताच्या दोन्ही बाजूंना ठेवते, भिंतीवरचा क्रूस काढून त्याच्या छातीवर ठेवते. गाणं नाही. फक्त वाद्यं, तीही दबकी. आमच्या कठड्यावर माणसं इतकी स्तब्ध की शेजारच्या गृहस्थांचा श्वास ऐकू येत होता. त्या मिनिटभरासाठी खड्ड्यातले सगळे वादक, दिवे सांभाळणारा, मेणबत्त्या आधी जागेवर ठेवणारा, सगळे पगारावर. यातला कुठला माणूस कमी करणार?

अण्णांनी एक कमी केला होता. कंपनीत ऑर्गन, तबला आणि व्हायोलिन अशी साथ असे. पेट्रोल महागलं, थिएटरचं भाडं वाढलं, दौऱ्यावरच्या जेवणाचा खर्च अंगावर येऊ लागला, आणि मालकांनी सांगितलं की कुठेतरी कात्री लावा. व्हायोलिनवाले मास्तर गेले. दृश्य बदलताना वाजायचं ते संगीत टेपवर आलं. मी तेव्हा नववीत होते. मास्तर घरी आले, चहा घेतला, आईच्या हातची भाकरी खाऊन गेले, कुणी कुणाला काही बोललं नाही. त्या वर्षी खर्च कमी झाला, हे खरंच. पिटातल्या म्हाताऱ्या हळूहळू यायच्या बंद झाल्या, हेही खरं. दोन्हींचा संबंध होता का हे सिद्ध करता येणार नाही, आणि मी अर्थशास्त्राची माणूस असल्याने तसं म्हणणारही नाही. पण अण्णांनी तो संबंध स्वतःपुरता लावला होता.

म्हणून मला हा फ्रेंच अर्थशास्त्रज्ञ जवळचा वाटला. ऑपेरा स्वतःच्या कमाईवर कधीच उभा राहणार नाही, हे ज्याला पहिल्या दिवसापासून माहीत आहे, तो तोटा दिसला म्हणून घाबरत नाही. तो विचारतो, कुठला तोटा पाळायचा आणि कुठला थांबवायचा.

लोझाननंतर १९९९ ते २०१० ते पॅरिसच्या तेआत्र दे शाँझेलिझेत होते. हे १९१३ चं थिएटर. स्ट्राविन्स्कीच्या बॅलेवरून प्रेक्षकांत दंगा झाला तो इथेच. याला स्वतःचा वाद्यवृंद नाही, स्वतःचा गायकवृंद नाही. प्रत्येक संध्याकाळ बाहेरून आणायची. स्थिर खर्च कमी, पण रोज नव्याने बाजारात उभं राहायचं. आणि मग व्हिएन्ना, त्याच्या अगदी उलट टोकाला. तिथे जवळपास हजार माणसं पगारावर. वाद्यवृंद असा की जगप्रसिद्ध व्हिएन्ना फिलहार्मोनिकचे सदस्य याच वृंदातून निवडले जातात. हंगामात सुमारे ३०० प्रयोग, ऑपेरा आणि बॅले मिळून ५०-६० वेगवेगळ्या कृती. आज टोस्का, उद्या मोझार्ट, परवा वॅग्नर. पहाटे एक नेपथ्य उतरतं, दुपारी दुसरं लागतं.

बाहेरून हा वेडेपणा वाटतो. आत शिरलं की त्यातला हिशेब दिसतो. आम्ही पाहिला तो टोस्का मार्गारेट वॉलमन यांनी बसवलेला, ३ एप्रिल १९५८ ला पहिल्यांदा झालेला. तेच नेपथ्य, त्याच हालचाली. गायक तेवढे बदलत गेले. सहाशेच्या वर प्रयोग झाले आहेत त्याचे. १९५८ मध्ये नेपथ्यावर केलेला खर्च साठ वर्षांच्या संध्याकाळींवर पसरला की एका प्रयोगाच्या वाट्याला किती येतो, हे गणित माझ्या बारावीच्या मुलांनीही सोडवलं असतं. अण्णा पडदे जपून घडी घालायला लावायचे, डांबराच्या गोळ्या टाकायचे, ते याचसाठी.

मेयर यांच्या काळात थिएटर ९८-९९ टक्के भरलेलं असे. हे आकडे बघून काही टीकाकार म्हणत, घर भरतंय ते सुरक्षित खेळांमुळे, धाडस कुठे आहे? ही टीका अगदीच पोकळ नाही. पण पहिल्याच हंगामात त्यांनी हँडेलचा ‘अल्चिना’ लावला. त्या रंगमंचावर बरोक, म्हणजे सतराव्या-अठराव्या शतकातल्या शैलीचा, ऑपेरा कित्येक दशकांनी आला, आणि तोही घरचा प्रतापी वाद्यवृंद बाजूला ठेवून, जुनी वाद्यं वाजवणाऱ्या फ्रेंच वृंदाला खड्ड्यात बसवून. घरच्यांना हे सांगायला धीर लागतो. २०१३ पासून प्रयोगांचं थेट प्रक्षेपण सुरू झालं. खुर्च्यांसमोरचे छोटे स्क्रीन बदलून संहितेचं भाषांतर अनेक भाषांत दिसू लागलं. आणि डिसेंबर २०१९ मध्ये ओल्गा नॉयविर्थ यांचा ‘ओरलँडो’ झाला. १८६९ पासूनच्या दीडशे वर्षांत या मुख्य रंगमंचावर स्त्री संगीतकाराचा ऑपेरा पहिल्यांदा आला तो हा. दीडशे वर्षं! हे वाचलं तेव्हा मला आनंदाआधी राग आला.

सगळं गोड नव्हतं. संगीत संचालक फ्रान्झ वेल्झर-म्योस्ट २०१४ च्या सप्टेंबरात मतभेदांमुळे तडकाफडकी बाहेर पडले, पुढचे ३४ प्रयोग सोडून. त्याहून कितीतरी गंभीर गोष्ट २०१९ ची: ऑपेराच्या बॅले अकादमीत शिकणाऱ्या मुलांना मारहाण होते, अपमान होतो, त्यांच्या शरीराची हेळसांड होते असं उघड झालं, आणि सरकारने नेमलेल्या आयोगानेही मुलांच्या संरक्षणात त्रुटी असल्याचं सांगितलं. ९९ टक्के भरलेल्या घराच्या कारकिर्दीवरचा हा डाग पुसता येत नाही, पुसूही नये. प्लॅनवरच्या फुल्या मोजणाऱ्याला तालमीच्या खोलीतलं रडणं ऐकू येईलच असं नाही, आणि ते ऐकणं हेही त्याचंच काम असतं.

मग मिलान. तिथलं ला स्काला हे ऑपेरा हाऊस १७७८ चं. तिथे सरकार, महापालिका, प्रांत आणि खाजगी देणगीदार मिळून एक फाउंडेशन चालवतात, अध्यक्ष शहराचे महापौर. खाजगी पैसा म्हटला की त्याची ओढाताण आलीच. मेयर यायच्या आदल्या वर्षीच सौदी अरेबियाकडून आलेले सुमारे ३० लाख युरो ला स्कालाने वाद झाल्यावर परत पाठवले होते. मेयर तिथे रुजू झाले मार्च २०२० मध्ये. मिलान, मार्च २०२०. यापुढे काही सांगायला नको. थिएटर फेब्रुवारीच्या अखेरीसच बंद झालेलं, शहरात रुग्णवाहिकांचा आवाज. तिकिटांचं उत्पन्न शून्य, पगार चालू.

इकडे आमचीही टाळेबंदी लागली होती. व्हिएन्नाने आपल्या ध्वनिचित्रफितींचा खजिना रोज एक ऑपेरा याप्रमाणे फुकट खुला केला. आमच्याकडे रात्र झालेली असायची. मी पुण्यातल्या दोन खोल्यांत, गॅलरीचं दार उघडं ठेवून, हेडफोन लावून बसायची. खाली रस्त्यावर कुत्रंही भुंकत नसे. हे रेकॉर्डिंग पैसा असताना कुणीतरी वर्षानुवर्षं जपून करून ठेवलं होतं, म्हणून आज ते माझ्यापर्यंत आलं, हा विचार मला रोज येई. अण्णांच्या घडी घातलेल्या पडद्यांसारखंच ते.

४ सप्टेंबर २०२० ला ला स्कालाचा वाद्यवृंद आणि गायकवृंद मिलानच्या मुख्य चर्चमध्ये गेला आणि रिकार्दो शायी यांच्या संचालनाखाली वेर्दीचं ‘रेक्विएम’ झालं, गेलेल्या माणसांसाठी. हंगाम सुरू व्हायचा दिवस ७ डिसेंबर, शहराच्या संताचा. त्या वर्षी ऑपेरा झाला नाही. प्रेक्षकांविना, टीव्हीवर मैफल झाली. पुढे काही महिने खालच्या खुर्च्या काढून त्या मोकळ्या जागेत वादकांना अंतर ठेवून बसवलं. ज्या जागेचे सगळ्यांत जास्त पैसे मिळतात ती जागा वादकांना. मी ते चित्र संगणकावर मोठं करून बराच वेळ बघत बसले होते. ११ मे २०२१ ला, १९४६ मध्ये बॉम्बहल्ल्यातून सावरलेलं ला स्काला पुन्हा उघडलं त्याला ७५ वर्षं झाली त्या दिवशी, रिकार्दो मुती व्हिएन्ना फिलहार्मोनिकला घेऊन तिथे आले. मेयर यांची दोन घरं त्या संध्याकाळी एका छपराखाली होती.

२०२३ मध्ये इटलीच्या सरकारने ऑपेरा हाऊसच्या प्रमुखांसाठी सत्तरीची मर्यादा घातली. मेयर यांची सत्तरी ऑगस्ट २०२५ मध्ये येणार होती. त्यांच्या जागी व्हेनिसहून फोर्तुनातो ऑर्तोंबिना यांची निवड झाली आणि २०२५ मध्ये मेयर यांचा मिलानचा काळ संपला. परदेशी संचालक नकोत या सुराचं तेव्हा तिथे वजन होतं. मला तो निर्णय आवडला नाही.

व्हिएन्नातल्या उभ्याच्या तिकिटाचा तो चार युरोंचा भाव आता राहिलेला नाही. भाच्याने सांगितलं. स्कार्फ मात्र अजून बांधतात, म्हणाला.

टाळेबंदीत कपाट आवरताना अण्णांची लाल वही मिळाली होती. मास्तर गेले त्या वर्षीची. प्रत्येक प्रयोगाचं एक पान, वर गाव आणि तारीख, खाली डाव्या बाजूला खर्च. ऑर्गन, पुढे रक्कम. तबला, पुढे रक्कम. त्याखाली व्हायोलिन, आणि पुढे शून्य. मी पान उलटलं. मिरज, व्हायोलिन, शून्य. इचलकरंजी, व्हायोलिन, शून्य. अण्णांच्या वळणदार अक्षरात तो शब्द वहीच्या शेवटच्या पानापर्यंत होता.